चौंडीमार्गे डेट्रॉइट

अमेरिकेतल्या आलिशान मोटारींचा इतिहास आणि अहिल्यानगर जिल्हा, ही जोडी ऐकून कोणालाही हसू येईल. तरीही या विषयात नव्याने येणाऱ्याला मी डेट्रॉइटचा रस्ता दाखवण्याआधी जिल्ह्यातल्याच दोन जागा सांगतो. एक जामखेड तालुक्यातली चौंडी आणि दुसरी नगर शहरातले रणगाड्यांचे संग्रहालय.

चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव. त्या १७२५ साली जन्मल्या आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या होळकर घराण्याच्या गादीवर १९२६ मध्ये दुसरे यशवंतराव आले, त्यामागेही एक मोटार आहे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर मोटार अडवून अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोचले आणि यशवंतरावांचे वडील तुकोजीराव यांना गादी सोडावी लागली. मुलाने मोटारींचा नाद मात्र सोडला नाही. १९३०च्या दशकाच्या मध्यात त्याने ड्युसेनबर्ग ही अमेरिकन मोटार मागवली. आठ सिलिंडर एका रांगेत, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, वर सुपरचार्जर. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. एवढ्या लांबलचक गाडीत माणसे बसणार दोन! रंग नारिंगी आणि काळा. अहिल्याबाईंच्या साध्या राहणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला यावर काय वाटायचे ते वाटो. अभ्यासकाला मात्र या गाडीसारखा शिक्षक मिळणार नाही.

कारण तिला ‘एक मॉडेल’ म्हणून कागदावर बसवताच येत नाही. इंजिन आणि चासी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची, मालक इंदूरचा. आजही आपल्याकडे ट्रक घेणारा कंपनीकडून नुसती चासी घेतो आणि बॉडी वेगळीकडे बांधून घेतो; त्या काळच्या सर्वांत महागड्या मोटारींचा व्यवहार तोच होता. म्हणून जुन्या मॉडेलचा इतिहास लिहिताना चासी, बॉडी आणि मालक अशा तीन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबून लिहिलेल्या चकचकीत पुस्तकांत हा गोंधळ पानोपानी सापडतो. ड्युसेनबर्गचे ‘जे’ मॉडेल १९२८ च्या अखेरीस आले, मंदीच्या तडाख्यात सापडले, आणि १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली. ‘जे’च्या एकूण गाड्या पाचशेच्याही आत.

आता नगरकडे वळू. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभ्या केलेल्या संग्रहालयात लोक पॅटन रणगाड्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तिथला चॅफी हा हलका अमेरिकन रणगाडा त्या मानाने दुर्लक्षित. १९७१ च्या नोव्हेंबरात गरीबपूरच्या लढाईत पाकिस्तानचे असेच चॅफी आपल्या पीटी-७६ रणगाड्यांसमोर आले होते. अठरा टनांचा चॅफी ज्यावर पळे, ती दोन इंजिने डेट्रॉइटच्या कॅडिलॅक या आलिशान मोटारींच्या कंपनीची होती. ‘व्ही’ आकारातली, आठ सिलिंडरची, ज्या जातीची कॅडिलॅकच्या मोटारीत असत तीच. गिअर आपोआप बदलणारी हायड्रामॅटिक यंत्रणाही मोटारीतूनच उचललेली. १९४२ च्या सुरुवातीला कॅडिलॅकने मोटारी बनवणे थांबवले आणि त्याच कारखान्यात रणगाडे बनू लागले.

हे इतक्या सहज कसे जमले, याचे उत्तर हेन्री लीलंड या माणसापाशी आहे. तो बंदुकांच्या कारखान्यांत शिकलेला यंत्रकार. त्याच्या कॅडिलॅकने १९०८ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स मैदानावर तीन गाड्या पार सुट्या करून दाखवल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, कानस न लावता पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या पाचशे मैल चालवल्या. परीक्षक रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे होते. १९१२ मध्ये कॅडिलॅकने हँडल मारण्याची कटकट विजेच्या स्टार्टरने संपवली. १९१४ मध्ये आठ सिलिंडरचे व्ही इंजिन आले. लीलंड १९१७ मध्ये कॅडिलॅकमधून बाहेर पडला, युद्धासाठी लिबर्टी विमान इंजिने बनवू लागला आणि त्यातूनच लिंकन कंपनी निघाली. ती १९२२ मध्ये फोर्डने घेतली. माझ्या मते अमेरिकन ऐषारामाची खरी ओळख गादीच्या मखमलीत शोधू नये. हजारावा भाग पहिल्यासारखाच निघण्यात ती आहे. ड्युसेनबर्ग संपली आणि कॅडिलॅक टिकली, त्यात मंदी आणि कॅडिलॅकची मालक जनरल मोटर्स हिचे भांडवल यांचा वाटा आहेच, पण हा अचूकपणाही आहे.

१९४८ च्या कॅडिलॅकवर उगवलेले आणि १९५९ मध्ये टोकाला गेलेले मागचे ‘पंख’ बहुतेकांना आवडतात. म्हणूनच मला त्यांत फार काळ रमता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे लांबरुंद अमेरिकन गाडी दिसली की ती आलिशानच, असे धरून चालतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जोडणी सुरू केली ती शेवरोलेपासून, म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या शिडीतल्या तळाच्या पायरीपासून. कॅडिलॅक सर्वांत वर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. क्रायस्लरच्या घरात प्लिमथ ही स्वस्तातली, इम्पीरियल मानाची. डेट्रॉइटच्या कामगाराच्या दारातली प्लिमथ इथे डॉक्टर, कारखानदार आणि मंत्र्यांच्या दारात उभी राहिली. तेव्हा कोणती गाडी कोणत्या पायरीवर, हे ठरवताना किमतीबरोबर गावही लिहावे. संस्थानांच्या मोटारखान्यांच्या खरेदीवह्या आणि मुंबईच्या वृत्तपत्रांतल्या एजंटांच्या जाहिराती या दृष्टीने वाचायला हव्यात. मराठी येणाऱ्या अभ्यासकाला इथे डेट्रॉइटच्या अभ्यासकापेक्षा जास्त वाव आहे.