तळटीप : दरबारगायक अल्लादियाखाँ

अल्लादियाखाँ (1855–1946) : जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. जन्म राजस्थानातील उनियारा येथे, धृपदियांच्या घरात. तालीम काका जहाँगीरखाँ यांची. मूळ लेखात त्यांना नुसते ‘कोल्हापूरचे दरबारगायक’ म्हटले आहे. ते खरे असले तरी फार अपुरे आहे.

आमलेटा संस्थानात दिवसचे दिवस गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला. तो परतला तेव्हा पूर्वीचा गोडवा उरला नव्हता. मग त्यांनी या नव्या गळ्याला पेलेल अशी गायकीच घडवली : लयीला घट्ट धरून चालणारी, वक्र आणि पेचदार तानांची. संपूर्ण मालकंस, बसंती केदार यांसारखे राग मैफलीत रुळले, त्यामागे ही बुद्धी आहे. गेलेल्या आवाजातून घराणे उभे राहिल्याचे असे उदाहरण विरळाच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले.

भास्करबुवा बखले, मंजीखाँ, भुर्जीखाँ, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर ही त्यांची शिष्यपरंपरा. यांपैकी केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेली.