एपिसोडची लेखी प्रत : ‘मिरजेला हलवा’

कानात इअरफोन असतील तर आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट आमच्या कुरुंदवाडपासून साधारण वीस किलोमीटरवरची आहे.

आमच्याकडे घरात कुणी फार आजारी पडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मिरजेला हलवा.” पुणं नाही, मुंबई नाही, मिरज! लहानपणी मला वाटायचं, मिरज म्हणजे सतारी, दर्गा आणि दवाखाने. पण एवढ्याशा गावात एवढे दवाखाने आले कुठून, हा प्रश्न काही पडला नव्हता. त्याचं उत्तर शोधताना एक नाव सापडलं : डॉ. विल्यम वानलेस. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी माहितीये ना? तेच हे वानलेस.

हा कॅनडाचा माणूस. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर म्हणून 1889 मध्ये बायकोसोबत इकडे आला. आधी सांगलीत काम केलं, मग 1892 मध्ये मिरजेत छोटा दवाखाना काढला आणि 1894 मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं.

मिरजच का? तर रेल्वे! कोल्हापूर-मिरज लाईन 1891 मध्ये सुरू झाली होती, आणि पुणे-बेळगाव मार्ग मिरजेतूनच जायचा. पेशंट लांबून येऊ शकत होते आणि यायलाही लागले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तर डॉक्टरांचं नाव दूरदूर पसरलं. ज्याला दिसत नव्हतं तो माणूस स्वतःच्या पायांनी गावी परत जायचा. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

आता मुद्द्यावर येतो. हा विषय जाहीर केला तेव्हा एकानं मेसेज केला, “भावा, ते धर्मप्रसारासाठीच आले होते की!” बरोबर आहे, लपवायचं कशाला? वानलेस मिशनरी होते. येशूवरच्या श्रद्धेमुळेच ते घर सोडून इतक्या लांब आले आणि ती श्रद्धा इतरांनाही सांगावी असं त्यांना वाटायचं. पण गोष्ट तिथंच संपवली तर अर्धी राहते. कारण हॉस्पिटल एकट्या श्रद्धेवर उभं राहत नाही. त्याला जागा लागते, पैसा लागतो, माणसं लागतात.

जागा दिली मिरज संस्थानच्या पटवर्धन राजांनी. विचार करा, ब्राह्मण राजघराणं आणि ख्रिस्ती मिशनचा दवाखाना! पैसा आला अमेरिकेतल्या जॉन कॉन्व्हर्स या उद्योगपतीकडून, जे रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत होते. आणि माणसं? ती इथलीच घडवली. 1897 मध्ये वानलेसनी मेडिकल स्कूल सुरू केलं. पुढे नर्सिंगचं शिक्षण आलं, कुष्ठरोग्यांसाठी वेगळं केंद्र आलं, टीबीच्या पेशंटसाठी वानलेसवाडीचं सॅनेटोरियम आलं. ज्या रोग्यांना तेव्हा घरचे लोकही दूर ठेवत, त्यांच्यासाठी ही सोय होती.

बायबलमध्ये एक गोष्ट आहे. रस्त्यात लुटलेला, जखमी माणूस पडलेला असतो. धर्माची मोठी माणसं बाजूनं निघून जातात. ज्याला समाज परका मानतो असा एक शोमरोनी वाटसरू थांबतो, जखमा बांधतो आणि त्याला धर्मशाळेत नेतो. आपण नेहमी त्या वाटसरूचंच कौतुक करतो. पण तो दुसऱ्या दिवशी निघून जातो! जाताना धर्मशाळेवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवून सांगतो, याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे जखमी माणूस बरा होतो तो त्या धर्मशाळेवाल्यामुळंसुद्धा.

मला वाटतं, वानलेस हे वाटसरू आणि मिरज ही धर्मशाळा. वानलेस 1928 मध्ये निवृत्त झाले, ‘सर’ झाले, 1933 मध्ये गेले. पण तोवर मिरजेला सांभाळायची सवय लागली होती. डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी काम पुढं नेलं, 1962 मध्ये गावात सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि आजूबाजूला खाजगी दवाखाने वाढत गेले.

आमच्या कुरुंदवाडला हे काही परकं नाही. इथं पाच मशिदींत गणपती बसतो. त्यासाठी कुणी आपला धर्म सोडत नाही, फक्त काम वाटून घेतात. मिरजेतही तसंच झालं. राजानं धर्म बदलला नाही, डॉक्टरनंही बदलला नाही. पेशंट मात्र बरा झाला.

आता जरा कडू बोलतो. अलीकडच्या वर्षांत हे जुनं मिशन हॉस्पिटल आर्थिक अडचणीत सापडलं. ज्याच्यामुळं ‘मिरजेला हलवा’ हे वाक्य जन्मलं, तेच आजारी पडलं. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम बनवणं सोपं, मेंटेनन्स अवघड. सुरुवात करणाऱ्याचा पुतळा होतो, पण रोज सांभाळणाऱ्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं.

म्हणून एक काम सांगतो. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, “मिशन दवाखान्यात कधी गेला होता का?” काय सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास अजून त्यांच्या तोंडीच आहे, आणि ती माणसं कायम असणार नाहीत.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!