तळटीप : ‘प्रबंध’
* भोकरदनची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथे पीएच.डी.चा तो ‘शोधप्रबंध’, एम.फिल.चा ‘लघुशोधप्रबंध’. (यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली, कपाटांत रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची बाडे तेवढी उरली.) इंग्लंडात पीएच.डी.चा ‘थीसिस’, एम.ए.चे ‘डिझर्टेशन’, अमेरिकेत बहुधा नेमके उलटे. १९९४ साली ज्यांचे नाव या विद्यापीठाला मिळाले, त्या डॉ. आंबेडकरांनी दोन्हीकडचे पाणी चाखले : कोलंबियात पीएच.डी.साठी प्रांतिक वित्तावर ‘डिझर्टेशन’, लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर ‘थीसिस’ (१९२३). मराठीत दोन्हींना सरसकट ‘प्रबंध’ म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही. प्रस्तुत लेखक मात्र एम.ए.च्या चाळीस पानी कामालाही तेच नाव देतात. तिथे ‘प्रकल्प-अहवाल’ असे वाचावे. — संपा.