भंगारातून दोनदा उठलेलं विमान

१९८९ साली अमेरिकेत एक जुनं बॉम्बर पुन्हा उडालं: बी-२४ लिबरेटर. कॉलिंग्ज फाउंडेशनने ते विकत घेतलं होतं आणि स्वयंसेवकांनी हजारो तास खपून ते उभं केलं.

पण हा त्याचा तिसरा जन्म. दुसरा आपल्याकडे झाला होता.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लेंड-लीज करारात मिळालेली ही अमेरिकन विमानं कानपूरला टाकून दिली. पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. १९४८मध्ये भारताला जड बॉम्बर हवे होते, पण खर्च झेपणारा नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यातून भाग जुळवून एकेक विमान उडण्याजोगं केलं. आमच्या शिरूर कासारला बंद ट्रॅक्टरचा पार्ट चालू ट्रॅक्टरला बसवतात, तसंच; फक्त इथे इंजिनं चार. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळुरूला उडवत नेत. खरी दुरुस्ती तिथे व्हायची.

मग हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याहून उडू लागली. १९६८पर्यंत ही विमानं सेवेत होती. जगात बहुतेक ठिकाणी ती तोवर मोडीत निघाली होती.

अमेरिकेत गेलेल्या विमानाला रंग मिळाला तो अमेरिकन युद्धकाळाचा: आधी ‘ऑल अमेरिकन’, नंतर ‘विचक्राफ्ट’. भारतातली वर्षं त्या रंगाखाली गेली. स्वयंसेवकांचे कष्ट खरेच. पण त्यांच्या हाती दुरुस्त करायला विमान उरलं, ते कानपूर-बंगळुरूच्या मेकॅनिकांमुळे. यूट्यूबवर ‘विचक्राफ्ट’ उडताना दिसलं, तर एवढं आठवा.