लहान पेटीतील खर्ज : मोटारगाडीतील सबवूफरच्या रचनेचा पूर्वेतिहास

मोटारगाडीच्या डिकीत वीस-पंचवीस लिटरच्या पेटीत बसविलेला सबवूफर आज कोणासही नवलाचा वाटत नाही. वस्तुतः खर्जाचा ध्वनी आणि लहान पेटी ह्यांचे मूळचेच वैर आहे. ३४ हर्ट्झच्या स्वराची हवेतील तरंगलांबी सुमारे १० मीटर भरते. म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीच्या लांबीच्या दुपटीहून ती अधिक आहे. असा स्वर हातभर लांबीच्या पेटीतून निघावा कसा, ह्या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः शोधांची एक मालिका म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. पदार्थविज्ञानातील तत्त्वे ठाऊक झाल्यानंतरही ही पेटी सामान्य कारागिराच्या आवाक्यात येण्यास बराच काळ लागला, आणि त्या विलंबाचे एक प्रमुख कारण योग्य परिभाषेचा अभाव हे होते, असे आमचे प्रतिपादन आहे.

आरंभ १९२५ पासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनी कागदी शंकू आणि चुंबकक्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे असलेल्या ध्वनिक्षेपकाचे विवेचन प्रसिद्ध केले. आजचा सबवूफर त्याच कुळातील होय. शंकू पुढे सरकला की समोरील हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. खर्जात हे दोन्ही परिणाम कडेने वळून एकमेकांस भेटतात व ध्वनी नाहीसा होतो. ह्यावर सोपा उपाय म्हणजे शंकूची मागील बाजू पेटीत कोंडणे. परंतु कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे वागते आणि शंकूची नैसर्गिक कंप्रता वर नेते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. ह्यामुळे उत्तम खर्ज हवा असल्यास पेटी कपाटाएवढी असावी, असा समज दीर्घकाळ रूढ राहिला.

दुसरा मार्ग बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास ह्यांनी दाखविला. त्यांनी १९३० मध्ये अर्ज केला आणि १९३२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती ठरावीक स्वरात घुमते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ ह्यांनी ह्या घुमण्याचे गणित मांडले होते. थुरास ह्यांनी पेटीस एक नळी ठेवून शंकूच्या मागील ध्वनीस ह्याच तत्त्वाने कामास लावले. युक्ती उत्तम होती. मात्र नळी केवढी ठेवावी हे पुढील अनेक वर्षे बव्हंशी अनुभवाने आणि कानाने ठरत राहिले.

१९५४ मध्ये एडगर व्हिलचर ह्यांनी प्रश्नच उलटा केला. पेटीतील हवा स्प्रिंग होणारच असेल, तर शंकूचा स्वतःचा आधार अतिशय ढिला ठेवावा आणि त्यास मागे खेचण्याचे मुख्य कार्य हवेसच करू द्यावे. हवेची स्प्रिंग कापडी आधारापेक्षा अधिक एकसारखी असल्याने विकृतीही घटली. हेन्री क्लॉस ह्यांच्या सहकार्याने स्थापन झालेल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीची फडताळावर मावणारी पेटी बाजारात आली. व्हिलचर ह्यांना १९५६ मध्ये मिळालेले पेटंट मात्र न्यायालयात टिकले नाही, आर. सी. ए. कंपनीतील हॅरी ऑल्सन ह्यांच्या नावे १९४९ मध्ये तत्सम कल्पनेचे पेटंट अगोदरच होते. कल्पना एकाच्या कागदांत असणे आणि दुसऱ्याच्या हातून ती व्यवहारात उतरणे, ह्यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

ह्या लहान पेटीची किंमत काय, हे क्लॉस ह्यांचे सहकारी अँटन हॉफमन ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘लोहनियमा’त सांगितले आहे. लहान आकार, खोल खर्ज आणि अधिक कार्यक्षमता ह्या तिहींपैकी दोनच एकत्र मिळू शकतात. पेटीचे घनफळ निम्मे केले तर कार्यक्षमता निम्मी होते. मर्यादा एक सप्तक खाली नेली तर ती आठव्या हिश्श्यावर येते.

तत्त्वे अशी ज्ञात होती. तथापि विशिष्ट ध्वनिक्षेपकास विशिष्ट पेटी कोणती, हे कारखानदार ग्राहकास सांगू शकत नव्हता. १९५६ मध्ये व्हान लेउएन ह्यांनी नळीच्या पेटीविषयी डच भाषेत लिहिले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील ह्यांनी तेथील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात ह्याच विषयावर निबंध प्रसिद्ध करून २८ निश्चित रचनांचे कोष्टक दिले. त्याकडे बाहेर फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमेरिकेतील ध्वनिअभियांत्रिकीच्या नियतकालिकात त्याचे पुनर्मुद्रण होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. पाठोपाठ १९७२–७३ मध्ये सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल ह्यांनी बंद व नळीयुक्त अशा दोन्ही पेट्यांचे पद्धतशीर विवेचन केले.

ह्या दोघांचे मर्म त्यांच्या परिभाषेत आहे. शंकूच्या आधाराची लवचिकता त्यांनी हवेच्या घनफळात मोजली : तेवढीच लवचिकता किती लिटर हवेत असेल, हे सांगावयाचे. आधाराचे कापड आणि पेटीतील हवा ही दोन भिन्न द्रव्ये ह्यायोगे एकाच मापाने बोलू लागली. आणखी दोन अंक पुरे होतात : मोकळ्या ध्वनिक्षेपकाची कंप्रता आणि त्याचे कंपन किती लवकर विरते हे दर्शविणारा गुणांक. कंपन जितके लवकर विरेल, तितका हा गुणांक लहान.

उदाहरणार्थ, हे अंक अनुक्रमे ६० लिटर, ३० हर्ट्झ व ०·४ आहेत असे समजू. साठास पेटीच्या घनफळाने भागावे, एक मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. २० लिटरच्या बंद पेटीसाठी उत्तर २ येते. म्हणून कंप्रता ६० हर्ट्झ व गुणांक ०·८ होतो. पेटी साडेसात लिटरची केल्यास उत्तर ३ येते, कंप्रता ९० हर्ट्झवर आणि गुणांक १·२ वर जातो. असा खर्ज रेंगाळतो. सपाट प्रतिसादासाठी गुणांक ०·७ च्या आसपास हवा, आणि त्यास सुमारे २८ लिटर लागतात. नळीचा मार्ग घेतल्यास २० लिटरची पेटी ३५ हर्ट्झवर घुमविण्यासाठी १० सेंटीमीटर व्यासाची नळी जवळजवळ ९० सेंटीमीटर लांब लागेल, आणि ती एकटीच सुमारे सात लिटर जागा अडवील. लहान पेटीत नळी का गैरसोयीची ठरते, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

घरात ६० हर्ट्झची मर्यादा उणी वाटेल. गाडीत तसे होत नाही. आतील लांबी पावणेतीन मीटर धरली, तर सुमारे ६२ हर्ट्झच्या खाली अर्धी तरंगलांबीही आत मावत नाही. अशा वेळी संपूर्ण अंतर्भागातील हवा एकदम दाबली जाते, आणि आदर्श बंद जागेत ध्वनिदाब दर सप्तकास १२ डेसिबलने वाढतो. बंद पेटीचा प्रतिसाद आपल्या कंप्रतेखाली तितक्याच प्रमाणात घटतो. अर्थात एकाची तूट दुसऱ्याने भरून निघते. काचा, फटी व लवचिक पत्रा ह्यांमुळे प्रत्यक्ष लाभ कमी मिळतो, तरी तो उपेक्षणीय नाही. कार्यक्षमतेची उणीव ट्रान्झिस्टरच्या स्वस्त प्रवर्धकांनी भरून काढली. लोहनियम मोडला गेला नाही. त्याचे देणे बॅटरीने फेडले.

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष ध्वनिशास्त्रापुरता मर्यादित नाही. थुरास व व्हिलचर ह्यांनी उत्तम पेट्या सिद्ध केल्या. थील व स्मॉल ह्यांनी पेटीविषयी बोलण्याची भाषा सिद्ध केली. तिच्यामुळे एका देशात घडविलेल्या ध्वनिक्षेपकासोबतचा अंकांचा कागद वाचून दुसऱ्या देशातील सुतार प्लायवूड कापू शकतो, आणि दोघांची गाठ पडण्याची आवश्यकता राहत नाही. पारिभाषिक संज्ञा म्हणजे झालेल्या ज्ञानास मागाहून चिकटविलेली नावे, असा समज आपल्याकडील परिभाषेच्या चर्चेत पुष्कळदा आढळतो. येथे योग्य संज्ञेनेच ज्ञानास हात दिले. शिवाय ती संज्ञा दहा वर्षे एका दूरच्या नियतकालिकात छापील असूनही दुर्लक्षित होती, ही गोष्ट लहान वाचकवर्गासाठी लिहिणाऱ्या आपणां सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. थील ह्यांच्या निबंधास उशिरा का होईना, स्मॉल ह्यांच्यासारखा वाचक लाभला. असा वाचक लाभेल अशा काटेकोरपणे लिहून ठेवणे, एवढे तरी लेखकाच्या हाती असते.