महसीर, गळ आणि डोंगा: मासेमारीला ‘खेळ’ कोणी ठरवले?

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला प्रवासी कामठी मागे टाकतो आणि कन्हान नदीच्या पुलावर येतो. उजव्या तीरावर कामठीची छावणी, डाव्या तीरावर कन्हान हे गाव. याच परिसरात सातपुड्यातून आलेली पेंच कन्हानला मिळते. पुढे कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत विसर्जित होते. या नद्यांवर डोंग्यात एकटा उभा राहून जाळे टाकणारा ढिवर हे शतकानुशतकांचे दृश्य आहे. डोंगा म्हणजे पूर्वी एकाच खोडातून कोरून काढलेली अरुंद होडी.

लहान होडी, एकटा माणूस, समोर अथांग पाणी आणि खाली न दिसणारा मासा. हीच कृती कोणी हौसेने केली तर तिला क्रीडा म्हणतात, पोटासाठी केली तर धंदा. हा फरक वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु नदीवर हक्क कोणाचा, माशांच्या ऱ्हासाचा दोष कोणाचा आणि कोणत्या नदीत कोणता मासा राहणार, हे प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळदा याच फरकावर सोडवले गेले. या धाग्याचा विषय तो आहे, आणि त्याचा नायक आहे महसीर.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गळाने मासे धरण्याचा शौक भारतात इंग्रजांनी आणला, असे सर्रास समजले जाते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी पंक्तींमुळे. पण त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे.

त्यात समुद्रातील आणि नद्यांतील मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे असे वर्गीकरण येते. कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, दोरी कशाची असावी, काठी कशी, गळ कसा, याचा तपशील येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर लेख लिहून आधुनिक मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. दख्खनच्या भूमीवर गळाची क्रीडा होती, आणि तीही शास्त्र म्हणून लिहिली गेलेली. फक्त ती राजाची होती. राजाला त्या माशांची नावे आणि सवयी सांगणाऱ्या नदीकाठच्या माणसांची नोंद तेव्हाही कोणी केली नाही.

आता सातशे वर्षे पुढे येऊ. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनमध्ये पिके, हवामान, पक्षी, मासे, जे दिसेल ते टिपत हिंडत होता. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्याच्या माशाचे वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. नाव त्याने शोधून काढलेले नव्हते. स्थानिक बोलीतून उचलले होते. दख्खनी महसीराचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे, आणि नावापुढे साइक्स हे आडनाव लागते. माशाचे मराठी नाव लॅटिन व्याकरणात अमर झाले; ते सांगणारा कोळी किंवा भोई अनामिक राहिला. (साइक्सची बाजू घ्यायची तर, स्थानिक नावे तशीच ठेवण्याइतका तरी तो प्रामाणिक होता. त्याच्या काळातील अनेक निसर्गअभ्यासक थेट आपल्या वरिष्ठांची नावे माशांना देऊन मोकळे होत.)

‘महसीर’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र अजून वादग्रस्त आहे. कोणी ‘महाशिर’ म्हणजे मोठ्या डोक्याचा असे म्हणतात, कोणी ‘माही’ आणि ‘शेर’ जोडून माशांतला वाघ असे सांगतात. दुसरी व्युत्पत्ती साहेबाला अर्थातच अधिक आवडली.

१८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकरांचे सामर्थ्य संपले आणि १८२१ साली कन्हानच्या काठी कामठीची लष्करी छावणी वसली. अशा छावण्या हिंदुस्थानभर होत्या. त्यांतील अधिकाऱ्यांजवळ बंदूक होती, रिकामा वेळ होता आणि मायदेशातील सामन माशाच्या आठवणी होत्या. त्या आठवणींना हिंदी नद्यांत पर्याय मिळवून दिला हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास प्रांतातील मुलकी अधिकाऱ्याने. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले. महसीर सामनपेक्षा सरस झुंज देतो, हा त्याचा दावा वाचून गळ टाकणाऱ्यांची एक पिढीच घडली.

वेगवान प्रवाहातला खडकाळ डोह, गळाला लागताच महसीराने घेतलेली पहिली प्रचंड धाव, सरसर सुटणारी दोरी, तास-तास चाललेली ओढाताण: हे वर्णन पुढे या साहित्यात इतके रूढ झाले की त्याचा साचाच बनला. १९४६ साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत व्हॅन इंगेन याने धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा, महसीर हा या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध विक्रम होय.

याच १८७३ साली आणखी एक दस्तऐवज बाहेर आला. फ्रान्सिस डे या लष्करी वैद्याने, जो पुढे मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून गाजला, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल सादर केला. निष्कर्ष चिंताजनक होता. बारीक डोळ्यांची जाळी, ओहोळांत लावलेले सापळे, डोहांत कालवलेले विष यांमुळे माशांची पिले मोठ्या प्रमाणावर मरत आहेत, असे त्याने मांडले. थॉमसचेही मत फार वेगळे नव्हते.

हे खोटे होते का? नाही. विषाने डोह मरतो, आणि पिलांची कत्तल झाली की पुढच्या वर्षी मासा मिळत नाही, हे ढिवरालाही ठाऊक होते. परंतु हे अर्धे सत्य होते. मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि पाटबंधाऱ्यांचे बांध त्यांची वाट अडवतात, हेही त्या काळच्या मत्स्यतज्ज्ञांना माहीत होते आणि त्यांनी ते लिहिलेही होते.

मग १८९७ साली हिंदी मत्स्य कायदा आला. त्याने स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरवले. प्रांतिक सरकारांना जाळ्यांचे प्रकार व आकार ठरवण्याचा, पाण्यात रोवलेल्या सापळ्यांवर बंदी घालण्याचा आणि निवडक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी थांबवण्याचा अधिकार दिला. जाळे आले, सापळा आला, विष आले. सरकारी धरणात माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असे बंधन मात्र त्या कायद्यात शोधूनही सापडत नाही. आणि डायनामाइट? त्याचे पेटंट १८६७चे. ते कोणाही ढिवराच्या घरी पिढीजात चालत आलेले नव्हते.

कायदा ज्यांच्या जाळ्याचे डोळे मोजणार होता ती माणसे कोण होती? रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडी ग्रंथात, मध्य प्रांतातील जातिजमातींच्या त्या प्रसिद्ध कोशात, ढीमरांवर सविस्तर टिपण आहे. मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, तलावांत शिंगाड्याची लागवड करणे, असा त्यांचा उद्योग त्यात दिसतो. एवढ्यावरूनही एक गोष्ट ध्यानात यावी. हा समाज केवळ मासा ‘काढत’ नव्हता. वर्षभर पाण्याच्या सान्निध्यात राहून, तलावातही पेरणी-कापणी करून जगत होता. प्रशासनाच्या नोंदींत मात्र त्याचे दोनच चेहरे उरतात: साहेबाची होडी वल्हवणारा वाटाड्या, किंवा मासे संपवणारा अपराधी.

कायद्यावाचूनही मासा राखला जाऊ शकतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तो वरदायिनी देवीचा मानला जातो आणि तेथील मासे कोणी मारत नाही. त्या डोहात महसीर आजही निर्धास्त फिरतात. येथे जाळ्याचा आकार ठरवणारा अधिकारी नाही आणि गळ टाकणारा खेळाडूही नाही.

स्वातंत्र्यानंतर या कथेला महाराष्ट्रातच एक विलक्षण वळण मिळाले. लोणावळा परिसरात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांचे तलाव आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनी तेथील दख्खनी महसीराच्या अंड्यांचा आणि पिलांच्या वाढीचा अभ्यास करून १९७१ साली तो मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे शशांक ओगले यांच्यासह त्यांनी कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले. वळवणच्या केंद्रात पिकलेल्या मादीची अंडी हाताने काढून, नराच्या मिल्टने फलित करून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली जात. नद्यांतून ओसरत चाललेल्या माशाची लाखो पिले अशी तयार झाली. भारतीय मत्स्यसंवर्धनातील ही खरोखर मोठी कामगिरी होय.

ही पिले कोठे गेली? देशातील अनेक जलाशयांत आणि नद्यांत, आणि कावेरीतही. तेथे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून गळाच्या क्रीडेला नवी झळाळी आली होती. भीमेश्वरी, गालिबोरे अशा ठिकाणी तळ उभे राहिले. देशोदेशीचे हौशी लोक गोल टोपलीसारख्या होडीत बसून महसीराशी झुंज घेत आणि तो पुन्हा पाण्यात सोडून देत. एकेकाळी चोरून मासे मारणारे स्थानिक तरुण तेथे पगारी वाटाडे झाले. खेळ, संरक्षण आणि रोजगार यांची इतकी सुरेख सांगड क्वचितच बसते. म्हणूनच पुढचा भाग अधिक क्लेशदायक आहे.

कावेरीचा मूळचा महसीर दख्खनी खुद्री नव्हता. तो पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा, केवळ कावेरीच्या खोऱ्यातला मासा होता. १२० पौंडांचा विक्रम या कुबडधारी महसीराचाच मानला जातो. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले ते असे: बाहेरून आलेल्या निळसर परांच्या महसीराची संख्या वाढत गेली आणि कुबडधारी जवळपास दिसेनासा झाला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली. आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. जगातील सर्वांत ख्यातनाम क्रीडामत्स्याला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले ते तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचल्यानंतर.

यात खलनायक शोधू नये. धरणे, वाळूउपसा, चोरटी मासेमारी यांनीही कावेरीचे नुकसान केलेच. परंतु ‘महसीर म्हणजे महसीर, गळाला झुंजणारा कोणताही चालेल’ ही दृष्टी क्रीडेतून आलेली होती. खोऱ्याखोऱ्यातला फरक नदीकाठच्या माणसांच्या बोलीत आधीपासून होता. एकाच जातीच्या माशाला प्रत्येक खोऱ्यात वेगळे नाव का, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला असता, तर पिले सोडण्यापूर्वी कोणीतरी थांबले असते.

२०१२मध्ये कावेरीचे ते तळ बंद पडले. संरक्षित वनक्षेत्रात गळ टाकणे म्हणजे शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ लावला गेला. दीड शतकाच्या प्रवासात प्रथमच साहेबाचा गळ आणि ढिवराचे जाळे कायद्याच्या एकाच बाजूला उभे राहिले.

कन्हानच्या खोऱ्यात हा प्रसंग त्याआधीच येऊन गेला होता. पेंचवर १९८०च्या दशकात तोतलाडोह धरण उभे राहिले. जलाशयाचा काही भाग मध्य प्रदेशात, काही महाराष्ट्रात, आणि सभोवती राष्ट्रीय उद्यान. तेथून उठवलेल्या आदिवासी कुटुंबांचे म्हणणे साधे होते: नदी होती तेव्हा आम्ही तिच्यात मासे धरत होतो. मध्य प्रदेश शासनाने त्यांना ३०५ परवाने दिले. पर्यावरणवादी वकिलांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

आक्षेप निराधार नव्हते. नायलॉनच्या जाळ्यांत मगरी, कासवे, पक्षी अडकतात. काठावर पेटवलेल्या चुलींनी वणवे लागू शकतात. १९९७ साली न्यायालयाने निकाल दिला. वाघाचे वन जपलेच पाहिजे, पण त्या वनातून बाहेर काढलेल्या माणसांनी जगायचे कसे, याचाही विचार झाला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. परवाने रद्द झाले नाहीत. त्यांना अटी जोडल्या गेल्या: छायाचित्र असलेले ओळखपत्र, येण्याजाण्याच्या ठरावीक जागा, चुली पेटवण्यास मनाई आणि किती मासळी धरली याची रोजची नोंद.

पेंचच्या काठी ज्यांच्या पूर्वजांनी कधी वजनकाटा पाहिला नव्हता, ती माणसे आता कावेरीवरच्या हौशी खेळाडूंप्रमाणेच आपल्या माशांची नोंदवही ठेवणार होती. त्याच पेंचचे पाणी तोतलाडोहातून खाली नवेगाव खैरीला अडते, तेथून नागपूरच्या नळांना जाते, आणि उरलेले कामठीजवळ कन्हानला मिळते. पुढे नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानमध्ये उतरते. आंभोऱ्याच्या संगमावर, गोसीखुर्दच्या फुगवट्यात, ढिवरांचे डोंगे आजही पाण्यावर दिसतात.