साष्टीची ये-जा : दोन क्रियापदांत उरलेली सीमा

'येणे' आणि 'जाणे' ही क्रियापदे इतकी नित्याची आहेत, की अभ्यासकाचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही. तथापि गती सांगताना बोलणारा स्वतः कोठे उभा आहे, हेही ती सांगतात. म्हणूनच एखाद्या प्रदेशाचा इतिहास त्यांत टिकून राहू शकतो. मुंबईच्या उपनगरांतील मराठी हे याचे चांगले उदाहरण आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक तुलना करू. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली या बांटू कुळातील भाषेत 'न्युंबानी' हे एकच रूप घरी, घराकडे आणि घरून अशा तिन्ही अर्थी चालते. 'अनाएंडा न्युंबानी' म्हणजे तो घरी जातो, 'अनाकाआ न्युंबानी' म्हणजे तो घरी राहतो आणि 'अनातोका न्युंबानी' म्हणजे तो घरून निघतो. नाम बदलत नाही. दिशेचा सारा भार क्रियापदावर पडतो. मराठी याच वाटेवर, पण अर्ध्यापर्यंत येते. 'अंधेरीला राहतो' आणि 'अंधेरीला जातो' यांत प्रत्यय एकच आहे. निघण्याचे स्थान सांगताना मात्र 'अंधेरीहून' म्हणावे लागते.

आता 'मुंबईला जातो' हे वाक्य पाहू. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथील जुन्या पिढीच्या तोंडी ते सहज येते. प्रशासनाच्या दृष्टीने हे बोलणारा मुंबईतच राहतो. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. मग मुंबईत राहणारा मुंबईला कसा जाईल?

उत्तर साष्टीच्या इतिहासात आहे. ही चारही ठिकाणे साष्टी बेटावरची. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानुसार इंग्रजांकडे गेले. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला. म्हणजे शतकाहून अधिक काळ माहीमची खाडी ओलांडणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे होते. पुढे १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. अंतर तुटले, 'जाणे' मात्र राहिले. खाडीवर बांध पडला तरी क्रियापदाने आपली सीमा सोडली नाही.

रेल्वेने या क्रियापदांना आणखी एक वळण दिले. लोकलमधला प्रवासी 'मुलुंड आलं' म्हणतो. धावते ती गाडी, पण भाषेत येते ते स्थानक. बोलणारा आपल्या जागी स्थिर राहतो. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याच्या रीतीतही हेच तत्त्व दिसते. पावले बाहेर पडत असली तरी क्रियापद परतीचे बोलते. 'येणे' नकाशाला बांधलेले नाही; मन ज्याला आपले ठिकाण मानते, त्याला ते बांधलेले आहे.

आज 'मुंबईला' च्या जागी अनेकांच्या बोलण्यात 'टाउनला' आले आहे. या बदलाची केवळ इंग्रजी शब्दाचा शिरकाव म्हणून बोळवण करणे अपुरे ठरेल. 'मुंबईला जातो' म्हणणारा स्वतःला मुंबईबाहेरचा मानत होता; 'टाउनला जातो' म्हणणारा मुंबईवर आपला हक्क सांगतो आणि दक्षिणेकडील भागाला तिचा केवळ एक विभाग ठरवतो. क्रियापद तेच, पण बोलणाऱ्याची जागा बदलली आहे. साष्टीची वेगळी ओळख मात्र या बदलात नकळत पुसली जाते.

महानगरी साहित्य शिकताना आणि शिकवताना आपण वस्त्यांची नावे टिपतो, पात्रांचे व्यवसाय टिपतो. त्यासोबत कोण कोठे 'येतो' आणि कोठे 'जातो', हेही टिपून पाहावे. कथेतील माणूस शहराच्या आत आहे की उंबऱ्यावर, याचा निवाडा पुष्कळदा लेखकाच्या वर्णनाआधीच त्या दोन क्रियापदांनी केलेला असतो.